पालकांनी बाहेर थांबावे

परीक्षेच्या फाटकाशी पहारेकरी म्हणाला,
"पालकांनी बाहेर थांबायचं."
मी माझंच हॉल तिकीट पुढे केलं.
त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो,
आणि नोट खरी आहे का बघावी तसा कागद उन्हात धरला.
बाहेर थांबली ती माझी मुलगी,
पाण्याची बाटली आणि माझं घड्याळ सांभाळत,
रस्त्यापलीकडच्या आयांच्या घोळक्यात.

बावीस वर्षं रास्ता पेठेत, मेडिकलच्या काउंटरमागे.
डॉक्टरांचं अक्षर मला त्यांच्या बायकांपेक्षा चांगलं लागायचं.
औषधं ठाऊक होती ती अशी :
वरून तिसरा खण, डावीकडे, दहाची पट्टी, एकशे बारा रुपये.
ती आत जाऊन नेमकं काय करतात
हे विचारायला गिऱ्हाइकाला वेळ नसे, मलाही.
महिनाअखेरीला लोक अर्धी पट्टी मागत.
मी कात्रीने सरळ कापून देई,
एक्स्पायरीची तारीख माझ्याकडच्या तुकड्यावर राहील अशी.

आता सव्वाआठला ससूनच्या आवारात स्कूटर लावतो.
वर्गात सगळे अठरा-एकोणीसचे,
आणि मी चव्वेचाळीस, नाकावर चाळिशी.
पहिल्या दिवशी दारातून आत आलो तशी
पोरं उभी राहिली, गुड मॉर्निंग सर.
मीही गुड मॉर्निंग म्हणालो. काय करणार.
मग जाऊन तिसऱ्या बाकावर बसलो.
मॅडम माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान.
मला अरे म्हणावं की अहो
हे त्यांचं अजून ठरत नाही,
म्हणून मला प्रश्न कर्मणी प्रयोगात येतात :
"ही नस ओळखली जावी."

मैथिली बोकील मला नसांचं जाळं शिकवते,
डब्याच्या झाकणावर शेवया मांडून.
रात्री भरलेलं सकाळी गळून गेलेलं असतं,
टाकीचा व्हॉल्व्ह बिघडल्यासारखं.
बायोकेमिस्ट्रीच्या पहिल्या चाचणीत वीसपैकी सात.
उज्ज्वलाने तो पेपर फ्रिजवर चिकटवला,
मुलीचं बालवाडीतलं चित्र असायचं त्या जागी.
बोलली काहीच नाही.
घराचा हप्ता हल्ली तिच्या एकटीच्या पगारातून जातो.

आणि मग टेबल क्रमांक चार.
चिठ्ठीवर : पुरुष, वय अंदाजे पंचेचाळीस.
पोरांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.
फॉर्मॅलिनने डोळे सगळ्यांचेच भरतात, ते एक बरं.
त्याच्या टाचांना भेगा होत्या,
एका कानाला भोक, आत काही नाही.
ह्याने कधी माझ्याकडून अर्धी पट्टी नेली असेल?
उरलेली अर्धी न्यायला परत आला होता?
खण आठवले, किमती आठवल्या,
चेहरा म्हणून एकही आठवेना.
मैथिली हळूच म्हणाली,
काका, स्काल्पेल तुम्ही घेता? माझा हात थरथरतोय.
माझाही थरथरत होता. घेतलं.

काल पुलगेटच्या स्टॉपवर ताम्हाणेबाई भेटल्या,
जुनं गिऱ्हाईक. पर्समधून दोन गोळ्या काढल्या :
"बीपीची कुठली हो, पांढरी की पिवळी?"
पूर्वी मान वर न करता सांगितलं असतं.
म्हणालो, आधी बसा. चक्कर येते का?
कधी, उठताना की चालताना?
त्या बघत राहिल्या,
काउंटर नसताना मी केवढा आहे ते मोजल्यासारख्या.
मग मनगट पुढे केलं.
मी घड्याळाकडे नजर लावली,
एकतीस, बत्तीस,
स्वारगेटची बस हॉर्न देत आली आणि आकडा चुकला.
त्यांचीच बस होती ती. त्या उठल्या नाहीत.
मी पुन्हा एकपासून सुरू केलं.